पत्त्यात आणि टायटलमध्ये कीवर्ड: तीनशे जुन्या लेखांचे यूआरएल बदलावेत का?

चाकोरीबाहेर

सायकल दुरुस्तीची माहिती देणारी मराठी साइट आहे, वर्डप्रेसवर. साधारण तीनशे लेख. पर्मालिंक (लेखाच्या पत्त्याची रचना) पहिल्यापासून 'साधा' ठेवलेला, त्यामुळे पत्त्यात डोमेननंतर नुसतं प्रश्नचिन्ह आणि लेखाचा क्रमांक दिसतो. टायटलं सगळी एकाच साच्यातली: आधी साइटचं नाव, मग घोषवाक्य, शेवटी लेखाचं नाव.

जिथे बघावं तिथे सांगतात की पत्त्यात आणि टायटलमध्ये कीवर्ड (लोक शोधताना टाइप करतात ते शब्द) हवेतच. म्हणून विचारतो:

१. पत्त्यात शब्द आणल्याने गूगलच्या निकालांच्या क्रमवारीत खरंच फरक पडतो का?
२. पडत असेल तर पत्ता देवनागरीत ठेवावा की रोमनमध्ये?
३. टायटल किती लांब असावं, आणि कीवर्ड किती वेळा यावा?
४. हे सगळं बदलताना आज येणारे वाचक गमावायचे नसतील तर क्रम काय असावा?

---

टाचणी

तुमच्या प्रश्नांचा क्रम उलटा आहे. तिसऱ्यापासून सुरुवात करा. टायटलमध्ये मेहनतीचं फळ मिळतं, पत्त्यात फारसं नाही.

गूगलच्या स्वतःच्या प्राथमिक मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिलंय की डोमेनमधल्या किंवा पत्त्याच्या मार्गातल्या कीवर्डचा क्रमवारीवर जवळपास काहीच परिणाम होत नाही, निकालातल्या ब्रेडक्रंबमध्ये (पत्त्याच्या जागी दिसणारी साइट, विभाग, पान अशी वाट) ते शब्द दिसतात एवढंच. आणि जानेवारी २०२५ पासून मोबाइलवरच्या निकालांतून ब्रेडक्रंबही काढून टाकलेत, तिथे फक्त डोमेन दिसतं. म्हणजे जो काही दिखाऊ फायदा होता तोही डेस्कटॉपपुरता उरला.

टायटलचं तसं नाही. पान कशाबद्दल आहे हे ठरवताना टायटल टॅग (पानाच्या कोडमध्ये लिहिलेलं टायटल) वाचला जातो, आणि निकालात माणूस तेच वाचून क्लिक करायचं की नाही ते ठरवतो. तुमच्या साच्यात नेमकी हीच जागा वाया जातेय. डेस्कटॉपवर टायटलला साधारण ६०० पिक्सेलची रुंदी मिळते, पुढचं कापलं जातं. साइटचं नाव आणि घोषवाक्य मिळून ती रुंदी खाऊन टाकतात आणि तीनशे लेख निकालात एकसारखे दिसतात. लेखाचं नाव आधी, साइटचं नाव शेवटी, मध्ये एक आडवी रेघ. घोषवाक्य फक्त मुखपृष्ठावर.

अक्षरांची मर्यादा म्हणून ५५ किंवा ६० हा जो आकडा फिरतो तो रोमन लिपीवरून काढलेला अंदाज आहे. गूगलने अशी मर्यादा कधी घातलेली नाही, प्रश्न फक्त दिसण्याचा आहे. देवनागरीत तर अक्षरं मोजणंच फसवं: 'कि' हे मोजणीत दोन, डोळ्याला एक, 'स्त्री' हे मोजणीत सहा. त्यामुळे आकडा सोडा आणि पिक्सेल मोजणारं एखादं पूर्वदृश्य साधन वापरा. तेही नसेल तर पहिल्या पाच-सहा शब्दांत विषय पुरा झाला पाहिजे, एवढा नियम पुरतो.

कीवर्ड किती वेळा? एकदा. 'सायकल चेन, सायकलची चेन, चेन बदलणे, सायकल चेन दुरुस्ती' असली माळ लावली की गूगल ती फेकून देऊन स्वतःला हवं ते टायटल दाखवू शकतं. 'सायकलची चेन कशी बदलावी: साधनं, कड्यांची मोजणी, जोडणी' यात मुख्य शब्दही आलेत आणि आत काय मिळेल तेही कळतं.

---

कोरा_कागद

टाचणी यांनी टायटल बदललं जाण्याचा उल्लेख केला, त्यात थोडी भर घालतो. मराठी साइटींना याचा फटका जास्त बसतो आणि कारण बऱ्याचदा लक्षातच येत नाही.

ऑगस्ट २०२१ मध्ये गूगलने निकालातली टायटलं तयार करण्याची पद्धत बदलली. त्यानंतर महिनाभरात त्यांनीच सांगितलं की सुमारे ८७ टक्के वेळा टायटल टॅगच वापरला जातो. उरलेल्या वेळी शब्द येतात ते पानावरच्या मुख्य मथळ्यातून, ओपन ग्राफच्या टायटलमधून (लिंक सोशल मीडियावर शेअर केली की दिसतं ते), ठळक दिसणाऱ्या मजकुरातून, नाहीतर तुमच्या पानाकडे येणाऱ्या लिंकच्या शब्दांतून. टॅग कधी डावलला जातो? तो रिकामा किंवा अर्धवट असेल, सगळीकडे तोच असेल, जुनं वर्ष तसंच राहिलं असेल (मजकूर २०२५ चा आणि टायटलमध्ये २०२१), किंवा पानाशी जुळत नसेल तर.

जून २०२२ पासून आणखी एक कारण आलं: टायटलची लिपी किंवा भाषा मजकुराशी जुळत नसणं. लेख मराठीत आणि टायटल रोमन लिपीतल्या मराठीत, किंवा अर्धं इंग्रजी अर्धं मराठी, असं असेल तर गूगल मजकुराच्या लिपीतलं टायटल शोधून लावू शकतं. लोक रोमनमध्ये टाइप करून शोधतात म्हणून टायटल रोमनमध्ये ठेवण्याचा सल्ला जागोजागी मिळतो, तो इथेच आपटतो. टायटल देवनागरीत ठेवा. रोमनमधून शोधणारे किती आहेत ते सर्च कन्सोलच्या (गूगलचं साइटमालकांसाठीचं साधन) परफॉर्मन्स रिपोर्टमध्ये क्वेरींची (लोकांनी शोधलेल्या शब्दांची) यादी उघडून बघा. खरंच बरेच असतील तर तो रोमन शब्द मजकुरात एखाद्या ठिकाणी सहज येऊ द्या, तेवढं बस.

शिवाय थीम आणि एसईओ प्लगिन (शोधनिकालांसाठीची मांडणी सांभाळणारं जोडसाधन) दोघंही टायटल टॅग छापत असतील तर पानात दोन टायटल होतात. पानाचा सोर्स उघडा, रोमनमध्ये 'title' शोधा आणि पानाच्या शिरोभागात तो एकदाच आहे ना ते बघा. मजकुरातल्या चिन्हचित्रांच्या आतही टायटल नावाचा टॅग असतो, ते मोजू नका.

---

झटपट

मला हे पटत नाही. कीवर्ड असलेलं डोमेन घेतलं की साइट वर येते, हे डोळ्यांनी दिसतं. पत्त्याचा काही उपयोग नसता तर लोकांनी कशाला धडपड केली असती?

---

टाचणी

@झटपट, धडपडीला इतिहास आहे. एकेकाळी त्या युक्तीचा उपयोग व्हायचा, म्हणूनच सप्टेंबर २०१२ मध्ये गूगलने खास हलक्या दर्जाच्या, शोधशब्दाशी तंतोतंत जुळणाऱ्या डोमेनांसाठी बदल आणला. डोमेनच्या नावामुळे मिळणारा तो आधार तिथे गेला. अशी साइट आज वर दिसत असेल तर मजकूर आणि तिच्याकडे येणाऱ्या लिंक बघा, कारण तिथे सापडेल. मेटा कीवर्डचंही (पानाच्या कोडमध्ये कीवर्डची यादी लिहायचा टॅग) तेच. तो टॅग क्रमवारीसाठी वापरत नाही हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केलं, तरी अजून लोक तो भरतात.

पत्त्यातल्या शब्दांचा एक आडवळणाचा उपयोग मी मान्य करतो. कुणी तुमचा पत्ता जसाच्या तसा चिकटवला तर लिंकचा मजकूर म्हणून तोच दिसतो. त्यात शब्द असतील तर वाचणाऱ्याला आणि थोडंफार शोधयंत्रालाही अंदाज येतो. क्रमांकातून काहीच कळत नाही. पण तेवढ्यासाठी चालू साइटचे तीनशे पत्ते हलवावेत असं मला वाटत नाही. नवीन लेखांना नीट पत्ते द्या, जुने राहू द्या.

---

उंबरठा

शेवटच्या वाक्याशी असहमत, आणि कारण वर्डप्रेसमध्येच आहे. तिथे पर्मालिंकची रचना एकच असते. नवीन लेखांना शब्दांचा पत्ता आणि जुन्यांना क्रमांकाचा, असं सरळपणे ठेवता येत नाही. रचना बदलली की सगळे बदलतात.

पण चाकोरीबाहेर यांची सुरुवातीची जागा खरं तर सोयीची आहे. 'साध्या' पर्मालिंकवरून 'लेखाचं नाव' या रचनेवर गेलं की जुन्या क्रमांकाच्या पत्त्यावरून वर्डप्रेस स्वतःच नव्या पत्त्याकडे ३०१ ने (कायमच्या पुनर्निर्देशनाने) पाठवतं. प्लगिन नको, यादी नको. क्रमांक लेखाला कायमचा चिकटलेला असल्यामुळे पुढे स्लग (पत्त्यातला लेखाच्या नावाचा भाग) बदलला तरी क्रमांकाचा पत्ता योग्य ठिकाणीच नेतो. तारखेच्या किंवा वर्गवारीच्या रचनेवरून येणाऱ्यांना एवढं सुख नसतं.

खरी मेख वेगळीच आहे. पत्त्यात दिसत नसले तरी तुमच्या तीनशे लेखांचे स्लग डेटाबेसमध्ये आधीच तयार होऊन बसलेत, लेखांच्या मथळ्यांवरून, देवनागरीत. रचना बदलण्याचं बटण दाबलं की ते जसे असतील तसे बाहेर येतील. आणि त्यातले बरेच शेवटी तुटलेले असतील.

कारण असं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, मात्रा असो की हलन्त, यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत) ३ बाइट घेतं. पत्त्यात प्रत्येक बाइट टक्के चिन्ह आणि दोन अंक-अक्षरं असा लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला ९ जागा. वर्डप्रेसमध्ये स्लगचा रकाना २०० जागांचा आहे. भागाकार केला तर सलग २२ चिन्हं बसतात, पुढचं गळतं. 'सायकल चेन कशी बदलावी' यात १७ चिन्हं आणि ३ जोडरेघा, म्हणजे १५६ जागा, हे बसतं. मथळा 'सायकल चेन कशी बदलावी आणि साफ ठेवावी' असेल तर स्लग 'सायकल-चेन-कशी-बदलावी-आणि-स' इथे तुटतो. 'साफ'मधला नुसता 'स' शेपटीसारखा लोंबकळत राहतो. असे शेपूटवाले पत्ते एकदा बाहेर पडले की ते दुरुस्त करणं म्हणजे दुसरं स्थलांतर.

म्हणून क्रम असा: आधी स्लग दुरुस्त करा, मग रचना बदला. लेखांच्या यादीत 'झटपट संपादन' उघडून स्लग बदलता येतो. तीनशे लेख म्हणजे एक-दोन बैठकांचं काम आहे, कुठलंही आपोआप करणारं साधन त्यासाठी आणू नका. स्लग दोन ते चार शब्दांचा, मथळ्याची हुबेहूब नक्कल नको. 'कशी', 'आणि', 'संपूर्ण माहिती' हे स्लगमध्ये लागत नाही. 'सायकल-चेन-बदलणे' पुरे.

---

कोरा_कागद

आणि स्लगमध्ये वर्ष घालू नका. टायटलमधलं वर्ष दरवर्षी बदलता येतं, पत्त्यातलं बदललं की पुन्हा पुनर्निर्देशन. तसंच 'टॉप-१०' वगैरे. उद्या अकरावं घातलं की पत्ता खोटा ठरतो.

लिपीबद्दल: गूगलला दोन्ही चालतात. त्यांचा सल्ला वाचकांच्या भाषेतले शब्द पत्त्यात वापरा असाच आहे, फक्त टक्केवाल्या स्वरूपात नीट लिहिलेले असावेत. देवनागरी पत्ता ब्राउझरच्या पट्टीत छान दिसतो. पण कॉपी करून मेसेजमध्ये चिकटवला की बहुतेक ब्राउझर टक्के चिन्हांची दोन-तीन ओळींची माळ ओततात, आणि ती बघून लोक लिंकवर संशय घेतात. लिंक मेसेजमधून बरीच फिरत असेल तर रोमन स्लग बरा, नसेल तर देवनागरी. क्रमवारीच्या नावाने हा निर्णय घेऊ नका, तिथे फरक नाही. एकच पद्धत ठरवा आणि तीच ठेवा, एवढं मात्र पाळा. रोमन घेतलात तर सगळं लहान लिपीत. पत्त्याच्या मार्गात मोठी आणि लहान अक्षरं वेगळी धरली जातात. शब्दांमध्ये जोडरेघ, अधोरेखा नको. गूगलही जोडरेघच सुचवतं.

देवनागरीचे दोन खड्डे मात्र माहीत असावेत.

पहिला 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' अशा शब्दांचा. हा 'ऱ्य' दोन प्रकारे टाइप होतो: काही कीबोर्ड नुक्तावाला 'ऱ' आणि हलन्त देतात, काही साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच. बाइट वेगळे, त्यामुळे पत्तेही वेगळे, आणि हाताने टाइप केलेली अंतर्गत लिंक ४०४ (पान सापडत नाही) देऊ शकते. लिंक कधीही टाइप करू नका, कॉपी करा. त्याहून सोपं म्हणजे स्लगमध्ये असे शब्दच टाळा.

दुसरा खड्डा वर्डप्रेसमध्ये नाही, पण वाचणाऱ्यांपैकी कुणी पायथॉनवर स्वतःची साइट बांधली असेल तर: तिथल्या रेजेक्समध्ये (मजकुरातले नमुने शोधण्याच्या सोयीत) 'शब्दातलं अक्षर' या वर्गात मात्रा मोडत नाहीत. त्यावर आधारलेलं स्लग बनवणारं फंक्शन युनिकोड चालू ठेवलं तरी मात्रा गाळून टाकतं आणि 'सायकल-चेन'चं 'सयकल-चन' होतं. जँगो या पायथॉनच्या वेब-चौकटीतल्या तयार फंक्शनमध्येही हे होतं. मात्रा आणि हलन्त वेगळे जोडून घ्यावे लागतात.

---

चाकोरीबाहेर

स्लग आधीच तयार असतात हे डोक्यातच आलं नव्हतं, आत्ता बघितलं तर खरंच अर्धेअधिक तुटलेत. रोमन घेतो. आणखी दोन गोष्टी: पत्त्यात वर्गवारी ठेवावी का (म्हणजे 'ब्रेक', 'चाक', 'गिअर' असे भाग आधी)? आणि रचना बदलताना नेमकं काय बिघडू शकतं?

---

उंबरठा

वर्गवारी नको. लेख 'ब्रेक'मधून 'देखभाल'मध्ये हलवलात की पत्ता बदलतो, आणि एक लेख दोन वर्गांत असेल तर कुठला वर्ग पत्त्यात येणार यावर तुमचा ताबा राहत नाही. रचनेत नुसतं लेखाचं नाव ठेवा. वर्गवारी ब्रेडक्रंबमध्ये दाखवा, त्याला पत्त्याची गरज नाही.

बिघडण्याच्या जागा अशा.

रचना बदलल्याबरोबर मुखपृष्ठ चालतं आणि बाकी सगळीकडे ४०४. याचा अर्थ सर्व्हर नवे पत्ते वर्डप्रेसकडे पोचवत नाही. अपाचीवर (सर्व्हरचं एक सॉफ्टवेअर) पुनर्लेखनाचं मॉड्यूल बंद असतं, किंवा साइटच्या मूळ फोल्डरमधली बिंदूने सुरू होणारी नियमांची फाइल (.htaccess) वर्डप्रेसला लिहिता येत नाही. दुसऱ्या प्रकारात पर्मालिंकच्या पानावर खाली नियम छापून येतात, ते हाताने चिकटवायचे. इंजिनएक्स या दुसऱ्या सर्व्हर सॉफ्टवेअरला ती फाइल कळतच नाही. तिथे सर्व्हरच्या मांडणीत 'फाइल नसेल तर इंडेक्सकडे दे' ही ओळ हवी, आणि ती होस्टिंगवाल्यांकडून घालून घ्यावी लागते. म्हणून आधी साइटच्या प्रतीवर करून बघा.

कॅश. बदलानंतर पानांची कॅश (साठवलेल्या तयार प्रती) आणि सीडीएन (अशा प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवर ठेवणारी सेवा) असेल तर तीही रिकामी करा, नाहीतर जुन्या लिंका असलेली पानं फिरत राहतात.

अंतर्गत लिंका. मेनू आपोआप बदलतो, लेखांच्या मजकुरात हाताने टाकलेल्या लिंका नाही. पुनर्निर्देशनामुळे त्या चालतील, पण प्रत्येक क्लिकला एक हेलपाटा. डेटाबेसमध्ये थेट शोधा-बदला चालवण्याआधी बॅकअप घ्या, आणि क्रमांकाचा पत्ता पुरा जुळतोय ना ते बघा. क्रमांक १२ बदलायला गेलात तर १२० आणि १२५ च्या लिंकाही मोडतील.

कॅनॉनिकल (पानाचा मुख्य पत्ता सांगणारा टॅग) आणि साइटमॅप (साइटच्या पत्त्यांची यादी). दोन्हींत नवा पत्ता आलाय का ते चार-पाच पानं उघडून तपासा. कॅनॉनिकल जुन्याकडे आणि ३०१ नव्याकडे असलं तर दोन विरोधी संकेत जातात आणि निर्णय लांबतो.

पुढे एखादा स्लग पुन्हा बदललात तर लेखांसाठी वर्डप्रेस जुना स्लग लक्षात ठेवतं आणि पाठवून देतं. 'पृष्ठ' प्रकाराला मात्र ही सोय नाही. 'संपर्क', 'आमच्याविषयी' अशा पृष्ठांचे पत्ते बदलले तर पुनर्निर्देशन हाताने घालावं लागतं. अपाचीच्या नियमात देवनागरी पत्ता असेल तर डावीकडचा नमुना उघड्या देवनागरीत लिहायचा (फाइल यूटीएफ-८ मध्ये, बीओएम म्हणजे सुरुवातीच्या न दिसणाऱ्या खुणेशिवाय), कारण जुळवणी उलगडलेल्या पत्त्याशी होते. उजवीकडे टक्केवाला पत्ता लिहिलात तर टक्के चिन्हंच पुन्हा कोड होतात. ब्राउझरमध्ये प्रत्येक टक्के चिन्हापुढे २५ दिसायला लागलं की हाच घोळ समजा. नियमाला 'पुन्हा कोड करू नको' हा झेंडा (NE) लावला आणि प्रत्येक टक्के चिन्हाआधी उलटी तिरकी रेघ टाकली की सुटतो.

---

टाचणी

बरोबर, वर्डप्रेसची ती सोय मी धरली नव्हती. तरी दोन पाचरी मारतो.

टायटलं आणि पत्ते एकाच दिवशी बदलू नका. आकडे हलले तर कशामुळे हे कधीच कळणार नाही. आधी टायटलचा साचा. तो प्लगिनमध्ये एका जागी बदलतो आणि त्याचा परिणामही जास्त. त्यातही सर्च कन्सोलमध्ये ज्या पानांना इंप्रेशन (निकालात दिसण्याच्या वेळा) भरपूर पण क्लिक कमी, त्यांची टायटलं हाताने लिहा. बाकी तीनशेच्या तीनशे हाताने लिहायची गरज नाही. दोन लेखांची टायटलं जवळपास सारखी निघाली तर थांबा. तिथे बहुधा लेखच एकमेकांच्या पायात येताहेत आणि एकत्र करायला हवेत. एकत्र केलात तर कमकुवत लेखाचा पत्ता उरलेल्या लेखाकडे ३०१ ने न्या. बंद केलेले पत्ते सरसकट मुखपृष्ठाकडे पाठवू नका, गूगल त्यांना सॉफ्ट ४०४ (म्हणजे पान नसल्यासारखं) धरतं.

दुसरं, जुने पत्ते रोबोट्स फाइलमध्ये (शोधयंत्रांनी कुठे जाऊ नये ते सांगणारी फाइल) अडवू नका. 'जुनं दिसायला नको' म्हणून प्रश्नचिन्हाचे पत्ते अडवले की गूगलबॉट (गूगलचा पानं वाचणारा प्रोग्राम) तिथे जाऊच शकत नाही, मग ३०१ त्याला दिसणार कसा? पुनर्निर्देशन किमान एक वर्ष ठेवा असं गूगल सांगतं. तुमच्या बाबतीत ते वर्डप्रेसच करतंय, काढायचं कारणच नाही.

---

चाकोरीबाहेर

मग टायटल आधी, पत्ते नंतर. मध्ये किती थांबू? आणि पत्ते बदलल्यावर 'पत्ता बदल' हे सर्च कन्सोलमधलं साधन वापरायचं का?

---

उंबरठा

ते साधन एका डोमेनवरून दुसऱ्या डोमेनवर जाण्यासाठी आहे, साइटच्या आतल्या बदलाला लागत नाही. नवा साइटमॅप पुन्हा सादर करा. पाच-सहा महत्त्वाची पानं यूआरएल तपासणीत टाकून 'इंडेक्सिंगची' (गूगलच्या नोंदीत घेण्याची) विनंती करा. बाकीची आपोआप होतील. मध्यम आकाराच्या साइटची बहुतेक पानं हलायला काही आठवडे लागतात आणि तेवढ्यात क्रमवारी थोडी वरखाली होते. त्या काळात घाबरून पर्मालिंक परत जुना करू नका, ती उलटी उडी जास्त महाग पडते.

टायटलनंतर चार आठवडे थांबा, म्हणजे आधीच्या २८ दिवसांशी सरळ तुलना होते. परफॉर्मन्समध्ये तारखांची तुलना लावा आणि सरासरी स्थानापेक्षा त्याच क्वेरीवरचा क्लिकचा दर बघा, टायटलचा परिणाम तिथे दिसतो. पत्ते बदलल्यावर मात्र पानानुसार गाळणी लावलीत तर जुना आणि नवा पत्ता दोन वेगळ्या ओळींत येतील आणि नव्याची ओळ शून्यापासून सुरू झालेली दिसेल. तिथे क्वेरीनुसार तुलना करा. बदलाच्या आदल्या दिवशी पानांची पूर्ण यादी एक्स्पोर्ट करून ठेवा. सर्च कन्सोल १६ महिन्यांच्या मागचं दाखवत नाही.